१ ऑगस्टचा दिनविशेष: फळ्यावर लिहिताना या चुका टाळा

शाळेच्या व्हरांड्यातला दिनविशेषाचा फळा बरीच वर्षं माझ्याकडे आहे. वर्षभरात सगळ्यात जास्त चुका होतात त्या १ ऑगस्टला. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने वळणदार अक्षरात लिहिलं, ‘लोकमान्य टिळक व अण्णा भाऊ साठे यांच्या जयंतीनिमित्त हार्दिक शुभेच्छा’. बाजूला रंगीत खडूने फुलं काढली. परिपाठ झाला, मुलं वर्गात गेली, कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही. शेवटी घंटेजवळून आमचे शिपाईमामा म्हणाले, ‘बाई, टिळक तर आजच्या दिवशी गेले ना?’

तेव्हापासून मी या तारखेकडे नीट बघायला लागले. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, निधन १ ऑगस्ट १९२० चं. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, निधन १८ जुलै १९६९ चं. म्हणजे पंधरा दिवसांच्या आत दोघांचीही जयंती आणि पुण्यतिथी येते आणि नेमका क्रम उलटा. मोबाइलवर फिरणारे तयार फोटो इथेच फसवतात: २३ जुलैचं चित्र कुणीतरी १ ऑगस्टला पुन्हा पाठवतं आणि आपण ते जसंच्या तसं उतरवतो. ‘जयंती’, ‘पुण्यतिथी’ हे शब्द घाईत अदलाबदल होतात. म्हणून मुलांना आधी वर्ष आणि मग ‘जन्म’ किंवा ‘निधन’ असं लिहायला सांगा. ‘१९२०: लोकमान्य टिळक यांचे निधन’ असं लिहिणाऱ्याचा हात चुकत नाही. पुण्यतिथीला ‘शुभेच्छा’ लिहूच नका. ‘विनम्र अभिवादन’ दोन्हीकडे चालतं.

टिळक पुण्यात गेले, असंही बरेच जण लिहितात, कारण केसरीवाडा डोळ्यांसमोर असतो. ते गेले मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. ३१ जुलैची मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणून तारीख १ ऑगस्ट. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘३१ च्या रात्री’ येतं ते याच कारणाने. त्यांच्याशी वाद घालू नका, मुलांना हे कारण सांगा. अंत्यसंस्कार गिरगाव चौपाटीवर झाले, तिथे आज त्यांचा पुतळा आहे.

आता असहकार चळवळ. ‘टिळकांच्या निधनामुळे गांधीजींनी १ ऑगस्टला चळवळ सुरू केली’ हे वाक्य मी निबंधाच्या वह्यांमध्ये कितीदा लाल शाईने खोडलंय! ही तारीख आधीच जाहीर झालेली होती. टिळक त्याच पहाटेआधी गेले, हा योग. गांधीजींनी कैसर-इ-हिंद पदक परत करणारं पत्र व्हाइसरॉयना लिहिलं तेही याच तारखेला. काँग्रेसने चळवळीला मान्यता दिली ती मात्र सप्टेंबरमध्ये, कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात. डिसेंबरमध्ये नागपूरला त्यावर शिक्कामोर्तब झालं. तेव्हा ‘काँग्रेसने १ ऑगस्टला ठराव केला’ असं फळ्यावर नको. एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मुलांना समजावायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त लागते ती चूक वेगळी आहे. टेबलावर टिळकांची मोठी फ्रेम, हार, उदबत्ती. आणि अण्णा भाऊंचा फोटो मागे, कधी नुसता छापील कागद. फळ्यावरही तसंच: एकाला पाच ओळी, दुसऱ्याला ‘साहित्यरत्न’ एवढा एक शब्द. त्यांचं मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे, गाव वाटेगाव, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला हा माणूस मुंबईत आला, मजुरी केली, गिरणीत राबला, शाहिरी केली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगावच्या सभा डफावर जागवल्या. त्यांनी ‘फकिरा’ ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. यातल्या दोन ओळी तरी फळ्यावर येऊ द्या. फोटोही सारख्याच आकाराचे ठेवा, शेजारी शेजारी.

जागा उरली तर विज्ञानाची एक नोंद घालता येईल. १७७४ साली याच तारखेला जोसेफ प्रिस्टले यांनी पाऱ्याच्या लाल ऑक्साइडवर भिंगाने ऊन एकवटून एक वायू वेगळा केला. ‘ऑक्सिजनचा शोध लावला’ एवढंच लिहू नका. शेले या स्वीडिश रसायनतज्ज्ञाला तो वायू आधीच मिळाला होता, फक्त त्याचं लेखन उशिरा छापलं गेलं. आणि ‘ऑक्सिजन’ हे नाव दिलं लाव्हाझिए यांनी.

लिहायचं काम ३१ जुलैला शाळा सुटल्यावरच उरका. पावसात सकाळी फळा ओलसर असतो, खडू उमटत नाही आणि गडबडीत जो शब्द आठवेल तो लिहिला जातो. फळा कोरड्या फडक्याने पुसून घ्या, मुलीला लिहू द्या आणि आमच्या मामांसारखं कुणी असेल तर त्यांना एकदा वाचायला लावा.