बिबट्या काढताय? मग ठिपक्यांची घाई नको

मी काढलेला पहिला बिबट्या बघून आज्जी म्हणाली होती, "मांजरीला देवी आल्यात का रे?" सहा दिवस घासून काढलेलं चित्र, पण खोटं कशाला बोलू, दिसत तसंच होतं. मी काय केलं, तर आधी सगळं अंग सपाट पिवळं रंगवलं आणि मग काळा मार्कर घेऊन पोटापासून पाठीपर्यंत एकाच मापाचे गोल मारत सुटलो. बिबट्यावर कुणीतरी स्टिकर चिकटवलेत असं वाटायचं. त्यानंतर बरेच कागद फुकट गेले आणि मग कुठे थोडं जमायला लागलं, ते इथे लिहितोय. रंगीत पेन्सिलींसाठी आहे हे, वॉटरकलरमधलं मला विचारू नका.

आधी फोटो. नेटवर बिबट्या म्हणून शोधलं की मधूनमधून जॅग्वार पण येतो आणि लोक बिनधास्त तोच काढून खाली बिबट्या लिहितात. ओळखायचं कसं, तर जॅग्वारच्या मोठ्या वर्तुळांच्या आत बारीक काळे टिपके असतात, आपल्या बिबट्याची वर्तुळं आतून मोकळी असतात. चित्त्याचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते. स्वतः फोटो काढायचा असेल तर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात वगैरे जा, पण सकाळी नाहीतर संध्याकाळी, कारण ऊन तिरकं असलं तरच खांद्याचे आणि बरगड्यांचे उंचवटे दिसतात, डोक्यावरच्या उन्हात सगळं चपटं येतं.

कागद जरा जाड आणि गुळगुळीत घ्या, २०० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड) पुढचा. साध्या ड्रॉइंग शीटवर चौथ्या-पाचव्या थराला भुसा निघायला लागतो. पेन्सिली कुठल्याही चालतात, भारीच पाहिजेत असं काही नाही, पण क्रीम, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), गडद तपकिरी, इंडिगो (गडद निळा) आणि काळा एवढे रंग हवेतच.

स्केच एचबीने, एकदम हलक्या हाताने. डोक्याला गोल, मधोमध उभी रेघ, डोळ्यांसाठी आडवी रेघ, आणि तोंडाचा पुढे आलेला भाग वेगळा ठोकळा म्हणून काढा. हा ठोकळा लहान झाला की घरातली मनीमाऊच तयार होते, बिबट्याचा जबडा चांगला रुंद असतो. कान छोटे, गोलसर आणि एकमेकांपासून लांब. कान टोकदार झाले की संपलंच. ठिपक्यांच्या जागा इथेच पुसट मार्क करून ठेवा, पण भरायचे नाहीत, हात बांधून ठेवा हवं तर.

रंग लावायच्या आधी मिशा! हे मला फार उशिरा कळलं. संपलेला बॉलपेन किंवा बोथट सुई घेऊन मिशा कागदावर दाबून ओढून ठेवायच्या, नुसती खाच पडते, दिसत काहीच नाही. नंतर वरून रंग फिरवला की पेन्सिल खाचेत उतरत नाही आणि पांढरी मिशी आपोआप उमटते. मिशी बुडाशी जाड, टोकाला बारीक आणि थोडी वाकलेली हवी, आणि ती गालावरच्या काळ्या टिंबांच्या ओळींतूनच निघायला पाहिजे, हवेतून नाही. शेवटी पांढऱ्या जेल पेनने काढलेल्या मिशा मला तरी दोऱ्यासारख्या वाटतात.

मग डोळे. डोळे आधी संपवा कारण ते फसले तर बाकीची मेहनत तरी वाचते. बाहुली गोल काढा, मांजरीसारखी उभी फट बिबट्याला नसते. बुबुळ पिवळट हिरवं, बाहुलीच्या भोवती जरा फिकट, कडेला गडद. आता खरी गंमत ही की वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, म्हणजे बुबुळाचा वरचा भाग चांगलाच काळपट करायचा. हे केलं नाही तर बिबट्या दचकल्यासारखा बघतो. चमकेचा ठिपका कोरा सोडायचा, एकच, आणि दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. डोळ्याचा आतला कोपरा नाकाकडे खाली ओघळल्यासारखा असतो, तो गडद करा, आणि डोळ्याच्या खाली फिकट पट्टा सोडा, लगेच चेहरा जिवंत वाटायला लागतो.

अंगाचे केस म्हणजे पेशन्सचं काम. पहिला थर क्रीमचा, मग ऑकर, मग सिएना, आणि प्रत्येक थर केसांच्या दिशेनेच, गोल गोल घासायचं नाही. नाकावर केस अगदी आखूड, कपाळाकडे जाणारे, गालावर बाहेरच्या बाजूला, पोटाखाली सगळ्यात लांब. पोट, हनुवटी आणि पायांची आतली बाजू पांढरट असते, तिथे पांढरी पेन्सिल वापरू नका, कागदच कोरा ठेवा आणि सावलीपुरता हलका निळसर करडा फिरवा.

आता ठिपके. पाठीवर आणि कुशीत जी वर्तुळं दिसतात ती खरं तर पूर्ण वर्तुळं नाहीतच, तीन-चार वेडेवाकडे काळे डाग जवळजवळ बसलेत, मध्ये फटी आहेत. आणि आतला रंग बाहेरच्या अंगापेक्षा थोडा गडद असतो, तिथे सिएनाचा एक हात जास्त द्या. डोकं, मान, पाय, पोट इथे मात्र भरीव ठिपके. कुशीवर वर्तुळ पसरट असतं, शरीर जिथे वळतं तिथे ते दाबलं जातं, अगदी कडेला तर नुसती काळी चीर उरते. फक्त एवढं पाळलं तरी अंग गोल दिसायला लागतं, शेडिंग कमी पडलं तरी.

भरताना डागाची बाहेरची रेघ काढून आत रंग भरू नका. डाग म्हणजे काळे केस आहेत, म्हणून बारीक बारीक फटकारे, केस जिकडे जातात तिकडच्या कडेला टोकं बाहेर निघालेली आणि उलट कडेवर पिवळे केस थोडे वर आलेले. काळा एकदम लावू नका, आधी इंडिगो आणि तपकिरी, मग फक्त मध्यभागी काळा. ऊन पडलेल्या बाजूचे डाग थोडे निळसर ठेवले की केसांना तकाकी येते. मेणाच्या पेन्सिली असतील तर काही दिवसांनी गडद भागावर पांढुरकी साय येते, घाबरू नका, मऊ कापडाने हलकं पुसलं की जाते.

मागे ऊस किंवा गवत दाखवायचं असेल तर ते अंगाच्या कडेचे केस करतानाच करा, हिरवा रंग केसांच्या मधून आत ओढायचा, कारण गडद रंगावर फिकट केस नंतर बसत नाहीत. आणि पंजे जमत नसतील तर सरळ गवतात लपवा. मी अजून लपवतो.