पनीर तपासायला देणार असाल तर दुकानातच सांगा

पनीर किंवा खवा भेसळीचा वाटला तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची वाट बघायला नको. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार साधं गिऱ्हाईकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतं. मेख एकच: ‘हे तपासायला देणार आहे’ असं खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावं लागतं. तोंडी सांगण्यापेक्षा बिलाच्या प्रतीवर लिहून त्याची सही घ्या. (कुरकुर होणारच.) नमुना नापास झाला तर फी परत मिळते आणि अहवाल खटल्याच्या कारवाईसाठी पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (त्या भागातल्या अन्न सुरक्षा कारभाराचा प्रमुख) जातो. नुकसानभरपाई हवी असेल तर तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.