सेकंडहँड कंट्रोलर घेताय? आधी स्टिक बघा

लातूर-नांदेडात काय किंवा संभाजीनगरात काय, गेमचा जुना कंट्रोलर घ्यायला जाताना विंडोजचा लॅपटॉप सोबत न्या आणि कंट्रोलर त्याला जोडा. विंडोजच्या 'रन' चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'जॉय.सीपीएल' (joy.cpl) टाका, मग 'प्रॉपर्टीज'. चौकोनात अधिकचं चिन्ह दिसेल. डावी स्टिक (अंगठ्यानं फिरवायची दांडी) कडेला नेऊन एकदम सोडा, चारही बाजूंनी. चिन्ह दर वेळी मध्यावर यायला हवं. केसभर फरक चालतो, गेम तेवढं सोडून देतो. हात न लावता सरकत राहिलं, तर स्टिकची हालचाल मोजणारी आतली पट्टी झिजलीय किंवा धूळ गेलीय (आपल्याकडं धुळीला काय तोटा!). मग सावकाश गोल फिरवा. चिन्हानं मध्येच उडी मारली आणि विकणारा म्हणाला, 'कॅलिब्रेट केलं (मध्य नव्यानं ठरवून दिला) की होतंय', तर ऐकू नका. झिजलेली पट्टी कॅलिब्रेशननं भरून येत नाही. उजव्या स्टिकसाठी स्क्रीनवर चौकोनाशेजारच्या पट्ट्या बघा.