हेन्सला राहायला जाण्याआधी

अलास्कातलं हेन्स जुलैतले फोटो बघून निवडू नका. नोव्हेंबरात आठ दिवस तिथे राहा, मग ठरवा. यादीतलं हे पहिलं काम, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. उन्हाळ्यात रात्री दहा वाजून गेले तरी उजेड असतो, लिन कनाल या समुद्राच्या खाडीचं पाणी चकाकत असतं, आणि इथेच घर घ्यावं असं कुणालाही वाटतं. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा होतो. नोव्हेंबरात पाऊस, ओला बर्फ, चिखल. पण गावाचं खरं वैभव त्याच दिवसांत असतं. चिल्कट नदीच्या एका पट्ट्यात जमिनीखालून जरा कमी गार पाणी वर येतं, म्हणून ती तिथे गोठत नाही. समुद्रातून नदीत उशिरा चढणारा चम साल्मन मासा तिथे असतो आणि त्याच्यासाठी पांढऱ्या डोक्याचे गरुड शेकड्यांनी गोळा होतात. १९८२ साली सुमारे ४८,००० एकरांचं राखीव क्षेत्र त्यांच्यासाठीच झालं. रस्त्याकडेला उभं राहा. पानं झडलेल्या एकाच कॉटनवूडच्या झाडावर दहा-पंधरा गरुड भिजून गप्प बसलेले दिसतील. एक खाली उतरतो, अंडी घालून गळून गेलेल्या माशावर पंजा रोवतो. मासा उचलण्याजोगा नसतो, म्हणून तिथेच वाळूवर फाडत बसतो, तोवर दुसरा मागून झेपावतो. बोटं बधिर झाली तरी तिथून पाय निघत नसेल, तर पुढची तयारी करा.

आता कागदपत्रं. हेन्समधून बाहेर पडणारा महामार्ग एकच, आणि तो कॅनडात जातो. तिकडच्या हेन्स जंक्शन गावापर्यंत सुमारे २४० किलोमीटर. गावापासून ६४-६५ किलोमीटरवर सरहद्द लागते, आणि तिथली चौकी रात्रभर उघडी नसते. म्हणजे अमेरिकेतल्याच दुसऱ्या मोठ्या गावी गाडीने जायचं तरी बहुधा कॅनडा ओलांडावा लागतो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी कॅनडाचा व्हिसा आधी काढून ठेवावा. ग्रीनकार्डवाल्यांना तो लागत नाही, पण भारतीय पासपोर्टची मुदत संपलेली चालत नाही. आपल्याकडची बरीच मंडळी ग्रीनकार्ड मिळालं की पासपोर्टाकडे बघतच नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो.

अलास्काची राजधानी जूनोला जायचं तर फेरीबोट, साधारण साडेचार तास. हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात. छोटी विमानं आहेत, पण धुकं किंवा वारा असला की ती उडत नाहीत. आता यावरून आजारपणाचा हिशोब करा. गावात दवाखाना आहे, मोठं हॉस्पिटल नाही. गंभीर दुखणं आलं की विमानाने हलवावं लागतं, आणि हवा खराब असेल तर थांबावं लागतं. हृदयविकार असेल, बाळंतपण जवळ आलं असेल, आई-वडिलांना तिकडे न्यायचं असेल, तर घरात सगळ्यांनी बसून यावर बोला. दर महिन्याची औषधं दोन महिन्यांची जवळ हवीत. हवाई रुग्णवाहिकेचा विमा घ्याच.

घर बघताना आधी पाठीमागचा उतार बघा, खिडकीतला देखावा नंतर. २ डिसेंबर २०२० रोजी मुसळधार पावसात बीच रोडवरचा डोंगर खचला आणि दोन माणसं गेली. माळीण आणि इर्शाळवाडी पाहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. पाऊस पडत असतानाच त्या जागी जा आणि पाणी कुठून वाहतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तळघर ओलं आहे का, लाकडाची शेगडी आहे का, तेही.

अस्वलांचं मात्र रोजचं. कोकणातल्यासारखे मासे अंगणात वाळत घालायचे मनात असेल तर ते विसरा. कचरा अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात, कोंबड्यांभोवती विजेचं कुंपण, फळझाडांची फळं वेळेत उतरवलेली. २०२० मध्ये अस्वलं गावात फार शिरली आणि बरीच मारावी लागली. आपल्या निष्काळजीपणाने एखाद्या अस्वलाचा जीव जातो, हे मला फार लागतं. अस्वलाला पळवायचा मिरचीचा फवारा कमरेला ठेवा, पाठीवरच्या पिशवीत नको. वेळ आल्यावर पिशवी उघडायला सवड मिळत नाही.

कपड्यांचं थोडक्यात: सुती काही नको, लोकर हवी, आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. भरती-ओहोटीचं वेळापत्रक भिंतीवर लावा. पाणी सहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, बांधलेली होडी त्यात फसते.

मासेमारीसाठी पहिलं वर्ष धीर धरा. अलास्कात बारा महिने राहिल्याशिवाय रहिवाशाचा परवाना मिळत नाही, आणि घरच्या खाण्यापुरती जाळी लावायची मुभाही रहिवाशांनाच. तेवढ्यात नदीवर जा, लोक काय करतात ते बघा. वसंतात हूलिगन नावाचा तेलकट छोटा मासा चढतो, त्याचं तेल काढायची त्लिंगिट या इथल्या मूळ रहिवाशांची रीत फार जुनी आहे. त्यांचं क्लुक्वान गाव महामार्गावरच, नदीकाठी आहे. तिथलं वारसा केंद्र पहिल्याच महिन्यात बघा, आणि कुणाच्या मासे वाळवायच्या जागेत विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.