आधी कॅप, मग अलाइनमेंट

फ्लेक्स-व्हायनल छापणाऱ्या प्रिंटरची नोझल टेस्ट (हेडची सगळी छिद्रं शाई सोडतात का, हे दाखवणाऱ्या रेषा) रात्री पूर्ण होती आणि सकाळी मॅजेंटाच्या रेषा गायब झाल्या, तर पहिला संशय कॅपवर, म्हणजे मशीन थांबलेलं असताना हेडला खालून झाकणाऱ्या रबरी कडेच्या वाटीवर घ्या. हे एक्सपी ६०० किंवा डीएक्स ५ हेडच्या इको-सॉल्व्हंट मशीनला धरून लिहिलं आहे.

कॅरेज (हेड वाहून नेणारा भाग) बाजूला सरकवा. कॅपच्या रबरी कडेवर वाळलेली शाई सॉल्व्हंटमध्ये बुडवलेल्या स्वॅबने पुसा. कॅप काठोकाठ क्लीनिंग सोल्यूशनने भरून पंप चालवा. ते झरझर उतरलं तर पंप आणि नळी ठीक आहे. नाही उतरलं तर नळी दुमडली किंवा तुंबली आहे, नाहीतर पंप गेला आहे. आता हेड कॅपवर बसवून क्लीनिंग द्या. वेस्टच्या नळीत (वाया जाणारी शाई नेणाऱ्या) सलग शाईऐवजी बुडबुडे धावत असतील तर कॅप हवा खाते आहे.

गळती कुठे, हे हेडखाली छोटा आरसा धरला की दिसतं. कॅपच्या कडेचा शाईचा चौकोनी ठसा हेडवर उमटलेला असतो. तो चारही बाजूंनी अखंड हवा आणि नोझलच्या एकाही ओळीवर चढलेला नको. एक बाजू पुसट असेल तर स्टेशन (कॅप ज्यावर बसते तो भाग) तिकडे खाली आहे. ठसा सरकलेला असेल तर स्टेशनचे स्क्रू सैल करून तेवढंच सरकवा. कॅप गरजेपेक्षा उंच ठेवू नका, कॅरेज उचलली जाते आणि रबर लवकर चेपतं. रबर कडक झालं असेल तर सरळ नवी कॅप टाका, जुनीवर वेळ घालवू नका.

नोझल टेस्ट पूर्ण आल्याशिवाय अलाइनमेंटला (छपाईच्या रेषा जुळवण्याला) हात लावू नका, कारण तुटक रेषांवरून केलेलं माप चुकतंच. आधी हेडचा तिरकेपणा काढा: मीडिया (ज्यावर छापायचं ते) पुढे सरकवून छापलेल्या उभ्या रेषांचे वरचे-खालचे तुकडे एका ओळीत येईपर्यंत हेडचा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा आणि दरवेळी पुन्हा छापा. मग रंगांचं अंतर, मग बायडायरेक्शन (जाता-येता छापलेल्या रेषांचा मेळ), शेवटी स्टेप (मीडिया दरवेळी किती पुढे सरकतो ते). फ्लेक्सवर जुळवलेली स्टेप व्हायनलवर चालेलच असं नाही. हेडची उंची किंवा स्पीड बदलला की बायडायरेक्शन पुन्हा जुळवावंच लागतं, कारण कॅरेज धावत असताना शाईचा थेंब पुढे सरकत पडतो आणि उंची वाढली की तो आणखी लांब जातो.

हेडची पट्टी केबल काढायची असेल तर मेन स्विच बंदच हवा. कनेक्टरवर शाईचा एक थेंब राहिला तरी हेड आणि बोर्ड दोन्ही जळू शकतात.