पर्सनल ब्लॉगवर लोक येतात, वाचतात, पण बोलत नाहीत? या चुका टाळा

मी २००९ पासून ब्लॉग लिहितेय. त्यामुळे नव्याने लिहायला लागलेली मुलंमुली मेल करून विचारत असतात, की ताई, व्ह्यूज तर दिसतात पण कोणी एक शब्द बोलत नाही, माझं काय चुकतंय? मग मी त्यांचं लिखाण वाचते, आणि खरं सांगते, दहातल्या सातआठ वेळा लिखाण चांगलंच असतं. शुद्धलेखन नीट, फोटो सुंदर, विषय जिव्हाळ्याचा. तरी वाचून झाल्यावर आपण त्या माणसाला भेटलो असं वाटत नाही. यातल्या जवळजवळ सगळ्या चुका मी स्वतः केल्यात, म्हणून कुठे काय बिघडतं आणि ते कसं सुधारायचं ते जरा सविस्तर लिहिते.

आठवण सांगायच्या ऐवजी आठवणीबद्दल बोलणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि यावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

२०१० च्या मे महिन्यात मी एक पोस्ट लिहिली होती. "उन्हाळ्याची सुट्टी म्हटलं की आठवतं ते आजोळ, आंब्यांची रास, भावंडांचा दंगा आणि ते निरागस दिवस" अशी सुरुवात, पुढेही तसंच सगळं. दोन कमेंट आल्या, एक "छान", एक "मस्त". त्यात काही खोटं नव्हतं हो, पण ते वाक्य महाराष्ट्रातल्या कोणीही लिहिलं असतं आणि कोणाच्याही आजोळाला लागू पडलं असतं, वाचणाऱ्याला ते आधीच माहीत होतं, मग त्याने त्यावर बोलायचं तरी काय?

पुढच्या वर्षी मी आजोळावर लिहिलंच नाही, फक्त कुरडयांच्या चिकावर लिहिलं. आमच्याकडे सातारा भागात गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, आणि तिसऱ्या दिवशी त्या पाण्याला जो आंबूस वास येतो तो अख्ख्या परड्यात पसरायचा, आम्ही पोरं नाक धरून पळायचो. चौथ्या दिवशी गहू वाटून, चोथा पिळून काढून चीक रात्रभर निवळायला ठेवायचा. पहाटे आजी वरचं पाणी अलगद ओतून द्यायची, पातेल्यात मापाने पाणी उकळायचं, मीठ, हिंग, आणि मग एक जण चीक ओतणार नि दुसरी हातातल्या लाकडी दांड्याने घाटत राहणार, क्षणभर हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समजा. मामीचा दंड भरून यायचा. सोऱ्यात भरायच्या आधी वाटीवाटीभर गरम चीक आम्हाला मिळायचा, वर कच्चं तेल, आणि आजी म्हणायची "फुंकर मारू नका, कडेकडेनं खा".

एवढंच लिहिलं. किती गोड दिवस होते वगैरे काही लिहिलं नाही.

तीन दिवसांत एकतीस कमेंट. मस्कतला असलेल्या एका काकांनी लिहिलं की त्यांच्याकडे तेल नाही, दूध आणि साखर घ्यायचे, आणि हे त्यांनी वीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं कारण विचारणारं कोणी नव्हतं. जळगावच्या एका ताईंनी ज्वारीच्या बिबड्यांचं सगळं गणित लिहून पाठवलं. मराठवाड्यातल्या एकीने बाजरीच्या खारोड्या काढल्या. आणि मजा म्हणजे त्यातले निम्मे लोक माझ्या आजीबद्दल काही बोललेच नाहीत, ते आपापल्या आजीबद्दल बोलले. मला तेव्हा कळलं की हेच तर पाहिजे. आपण आपलं नेमकं सांगितलं की समोरच्याला त्याचं नेमकं आठवतं आणि ते सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही.

तर दुरुस्ती अशी: पोस्ट लिहून झाली की एकेक वाक्य बघायचं आणि विचारायचं, हे वाक्य दुसऱ्या कोणी लिहिलं असतं का? असतं, तर काढून टाकायचं. पहिल्यांदा केलंत तर निम्मी पोस्ट जाईल, जाऊ द्या. उरलेल्यात एखादा वास, एखादी वस्तू, कोणाचं तरी अगदी जसंच्या तसं बोलणं असेल, तिथूनच नव्याने सुरू करा. हल्ली बरेच जण लिहिलेलं चॅटजीपीटीकडून "छान करून" घेतात, त्यातही नेमकं हेच होतं, परड्याचा वास जातो आणि निरागस दिवस परत येतात.

आपल्या घरचे शब्द पुसून टाकणं

वर मी "परडं" लिहिलं ना, ते आधीच्या पोस्टमध्ये मी "घरामागील मोकळी जागा" असं लिहायचे. पुण्यामुंबईच्या वाचकाला कळणार नाही, हसतील, अशी भीती. न्हाणी, माळवद, कणगी, सगळं मी असंच सपाट करून टाकायचे. मग एकदा चुकून "परडं" राहिलं तर कराडच्या एकाने फक्त त्या एका शब्दासाठी कमेंट केली, की हा शब्द स्क्रीनवर पहिल्यांदा बघितला. तुम्ही वऱ्हाडी बोलत असाल, मालवणी बोलत असाल, तर ते शब्द राहू द्यात, अर्थ वाक्यातच कळेल अशी सोय करा, खाली शब्दार्थाची यादी देत बसू नका, ते शाळेच्या धड्यासारखं वाटतं. मराठी वाचक प्रवासातल्या माणसासारखा आहे, गावाकडचं कोणी बोलताना ऐकलं की लगेच वळून बघतो, "कुठले तुम्ही?"

शेवटी शिकवण देणं

पोस्ट छान चालू असते, आणि शेवटच्या पॅरात "यातून मला एक गोष्ट शिकायला मिळाली" येतं. लहानपणापासून निबंध तसेच लिहिलेत आपण, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. पण तुम्हीच सगळ्याचा अर्थ सांगून टाकलात तर वाचणाऱ्याकडे मान हलवण्याशिवाय काही उरत नाही. शेवटचा पॅरा झाकून वाचून बघा. बहुतेक वेळा त्याच्याशिवाय पोस्ट जास्त चांगली असते.

तसंच ते "तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये नक्की सांगा". कशाबद्दल सांगायचं? विचारायचंच असेल तर असं विचारा की उत्तर अर्ध्या ओळीत देता येईल, "तुमच्याकडे चीक तेलाबरोबर खायचे की दुधाबरोबर?" कामावरून थकून आलेला माणूस लोकलमध्ये उभ्या उभ्या एक शब्द टाईप करू शकतो, विचारमंथन करू शकत नाही.

बोलायला आलेल्या माणसाला दारातच अडवणं

हा भाग तांत्रिक आहे पण कृपा करून वगळू नका, कारण कित्येकदा वाचकांना बोलायचं असतं, त्यांना जमत नसतं.

ब्लॉगर, म्हणजे गुगलची ब्लॉग लिहायची सोय, वापरत असाल तर सेटिंगमध्ये कमेंट कोण करू शकतं ते आधी बघा. तिथे "कोणीही" नसेल तर गुगलमध्ये लॉगिन नसलेला माणूस परत फिरतो, आणि आपल्या आईवडिलांच्या वयाचे वाचक हमखास तिथेच अडकतात. स्पॅमची भीती असेल तर मॉडरेशन चालू ठेवा, म्हणजे तुम्ही बघून मंजूर केल्यावरच कमेंट दिसेल, दार बंद करू नका. पोस्टखालीच उघडणारा कमेंटचा बॉक्स काही ब्राउझरमध्ये कुकीज बंद असल्या की नीट चालत नाही, माणूस लिहितो, बटण दाबतो, आणि लिहिलेलं गायब. तुमच्याकडे असं होत असेल तर कमेंटची जागा "पूर्ण पान" किंवा "पॉपअप" करून बघा. आणि दुसऱ्याच्या मोबाईलवरून, लॉगिन न करता, स्वतःच्याच पोस्टवर एकदा कमेंट करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

जुने ब्लॉग असतील तर आणखी एक. गुगल रीडर, जिथे आवडत्या ब्लॉगच्या नव्या पोस्ट एकाच जागी वाचता यायच्या, ते १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा नियमित वाचणारे बरेच लोक हरवले, ते कुठे गेले ते कळलंच नाही. २०१९ मध्ये गुगलचं फेसबुकसारखं गुगल प्लस बंद झालं आणि ज्यांनी ब्लॉगरवर त्याच्या कमेंट चालू केल्या होत्या त्यांच्या त्या सगळ्या कमेंट पुसल्या गेल्या. २०२१ मध्ये गुगलच्याच फीडबर्नरची, नवी पोस्ट वाचकांना आपोआप ईमेलने पाठवायची सोय गेली. तरी अजून कितीतरी मराठी ब्लॉगच्या कडेला तो "ईमेल पत्ता द्या" वाला जुना बॉक्स दिसतो, त्याच्यातून काही जात नाही. तो काढा, आणि त्याच्या जागी सरळ तुमचा मेल आयडी लिहा. एक सांगू का, मला आलेली सगळ्यात मनापासूनची पत्रं मेलवरच आलीत, कारण सगळं चारचौघांत बोलता येत नाही. आणि चांगल्या कमेंट आपल्याकडे कॉपी करून ठेवत जा.

मोबाईलवर दोन्ही कडा सारख्या करणारं जस्टिफाय देवनागरीत फार वाईट दिसतं, शब्दांच्या मध्ये खड्डे पडतात. डावीकडून सरळ ठेवा. अक्षर मोठं, काळं.

उत्तर द्यायला उशीर

हे मला अजून लागतं म्हणून सांगते. बाबांच्या आजारपणात मी चारपाच महिने ब्लॉग उघडलाच नव्हता. उघडला तेव्हा मॉडरेशनमध्ये एक कमेंट पडून होती. आईच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्यात तिच्या उशाशी बसून माझ्या जुन्या पोस्ट तिला वाचून दाखवल्या असं एका मुलाने लिहिलं होतं, आणि शेवटी "तिला चिकाची पोस्ट आवडली" एवढंच. कमेंट फेब्रुवारीतली, मी वाचली जूनमध्ये. मी लगेच उत्तर लिहिलं, पण तो परत आलाच नसणार, का येईल? चार महिने त्याच्या आईबद्दलचे ते शब्द कोणी बघितलेसुद्धा नव्हते.

तेव्हापासून कमेंट आली की मोबाईलवर मेल यायची सोय केली, लिहिणं बंद असलं तरी आठवड्यातून एकदा मॉडरेशन उघडतेच. आणि उत्तर देताना "धन्यवाद" टाकून सुटायचं नाही, त्यांनी जे सांगितलं त्यातलं काहीतरी धरून बोलायचं. बिबड्यांवाल्या ताईंना मी विचारलं होतं की ज्वारी किती दिवस भिजवता, त्यावरून सुरू झालेलं बोलणं आजही चालू आहे, त्या दर उन्हाळ्यात बिबडे पाठवतात, मी कुरडया.

दुसऱ्याचं आयुष्य न विचारता मांडणं

पर्सनल लिहायचं म्हणजे सगळंच उघडं करायचं असा एक समज आहे आणि तो खोटा आहे. मी बाबांच्या विसरण्यावर लिहिलं होतं, ते एकाच सकाळी तीन वेळा दूध आणायला गेले त्याबद्दल. फार वाचली गेली ती पोस्ट, लोक रडले, मला मेल आले. आणि मग एका लग्नात कोणीतरी नातेवाईक बाबांच्या समोरच म्हणाले, "काय, दूध आणलं का?" बाबा हसले. घरी येताना रिक्षात ते काहीच बोलले नाहीत, नुसते बाहेर बघत होते. त्यांना मी विचारलंच नव्हतं.

पोस्ट त्याच रात्री काढली. आता माझे नियम साधे आहेत. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवायचं, तो "नको" म्हणाला तर नको, कारण विचारायचं नाही. ज्याला आता सांगता येत नाही, लहान मूल असो की आजारी माणूस, त्याची लाज जाईल असं लिहायचं नाही. तुमच्या मुलीचा पाचवीतला हट्ट ती कॉलेजला जाईल तेव्हाही सर्चमध्ये सापडणार आहे हे लक्षात ठेवा. यामुळे लिखाण पातळ होतं का? नाही होत. स्वतःची भीती, स्वतःचं चुकणं, याबद्दल लिहायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि वाचणारा जोडला जातो तो त्यानेच.

आकड्यांकडे बघत बसणं

थोडक्यात सांगते. ब्लॉगरच्या व्ह्यूजमध्ये माणसांशिवाय बॉटसुद्धा, म्हणजे आपोआप पानं उघडणारे प्रोग्राम, मोजले जातात, एखाद्या दिवशी भलत्याच देशातून हजार व्ह्यू आले तर हुरळून जाऊ नका. परत परत येणारी नावं मोजा. माझी आज साधारण चाळीस आहेत, मला पुष्कळ आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्ट नावाशिवाय फिरते, कधी पुलंच्या नावावरही जाते, हे थांबवता येत नाही. त्यासाठी वाचकांना दम देणारी लाल अक्षरातली सूचना लावू नका, चांगल्या माणसांनाही ती लागते. मजकुराच्या आतच कुठेतरी तुमचं नाव, गाव येऊ द्या, आजी हाक मारतेय तर नावाने मारू दे. कापून टाकणारा बहुतेक वेळा वरचं नि खालचंच कापतो.

मोठा खंड पडला की माफीनाम्याची पोस्ट

"खूप दिवसांनी लिहितेय, क्षमस्व, आता नियमित लिहीन" अशी पोस्ट टाकायची आणि त्यानंतर पुन्हा सहा महिने काही नाही, असं होतं बऱ्याच जणांचं. वाचक हजेरी घेत नसतो. मागच्या वर्षी माझा आठ महिन्यांचा खंड पडला, तेव्हा मी थेट आमच्या गल्लीतली नळाची वेळ पहाटे साडेचारची झाली तिथून सुरुवात केली, कोण कोण त्या वेळी दिवे लावून उभं असतं त्यावर. जुन्या दोघीतिघींनी विचारलंच, बऱ्या आहात ना? त्यांना मी मेलवर खरं कारण सांगितलं, ब्लॉगवर नाही सांगितलं.