स्टार ट्रॅकर कसा चालतो ते घरीच करून बघा

अंतराळयानाचं तोंड नेमकं कुठे आहे हे सगळ्यात अचूक कळतं ते ताऱ्यांच्या फोटोवरून, आणि ते काम करणारा स्टार ट्रॅकर म्हणजे शेवटी कॅमेराच. मॅन्युअल मोडवाला कुठलाही कॅमेरा आणि लॅपटॉप असला की प्रयोग जमतो.

पहिलं काम, फोकस किंचित बिघडवा. हो, मुद्दाम! तारा एकाच पिक्सेलवर पडला तर त्या पिक्सेलच्या आत कुठे ते कळत नाही, पण तीन-चार पिक्सेलवर पसरला की सरासरी काढता येते. समजा 101, 102, 103 या पिक्सेलवर उजेड आला 40, 90, 60, तर तारा 102.1 वर. खऱ्या ट्रॅकरमध्येही हेच करतात. त्याआधी लेन्सला झाकण लावून तेवढ्याच एक्स्पोजरचा एक काळा फोटो घ्या आणि तो वजा करा, नाहीतर हॉट पिक्सेल, म्हणजे उजेड नसतानाही चमकणारे बिघडलेले पिक्सेल, तारे बनून बसतात.

आता ओळख पटवायची. कॅमेरा कसाही फिरवा, दोन ताऱ्यांमधला कोन तोच राहतो, सप्तर्षीतले क्रतू आणि पुलह कायम साधारण 5.4 अंशांवर, सगळी गंमत यातच आहे. लेन्सची फोकल लेंग्थ भागिले पिक्सेलचा आकार, यावरून प्रत्येक ताऱ्याची दिशा काढा, मग जोड्यांचे कोन काढा आणि हिप्पार्कस कॅटलॉगवरून (हिप्पार्कस उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांची यादी) काढलेल्या कोनांच्या यादीत शोधा. सगळा कॅटलॉग घेऊ नका, त्यात 1,18,218 तारे आहेत, पाचव्या प्रतीपर्यंतचे (प्रत म्हणजे तेजस्वीपणाचा आकडा, जितका लहान तितका तारा ठळक) सोळाशेक पुरतात. एका कोनाला ढिगाने जोड्या सापडतात, त्रिकोणाला कमी, चौथा ताराही जुळला तरच विश्वास ठेवा.

तारे ओळखले की दिशा काढायचं गणित तयारच आहे, गणितज्ञ ग्रेस वाहबा यांनी ते 1965 मध्ये मांडलं, सोडवायला क्वेस्ट ही त्यासाठीचीच रीत, नाहीतर सरळ एसव्हीडी (मॅट्रिक्सचे तुकडे पाडायची रीत) वापरा, उत्तर म्हणून कॅमेरा कसा फिरलाय ते सांगणारी मॅट्रिक्स मिळते. इथे माझ्या दोन रात्री गेल्या, कोन सगळे जुळतायत आणि उत्तर मात्र भलतंच, कारण फोटोत वाय अक्ष खाली वाढतो आणि मी तो उलटवलाच नव्हता, म्हणजे आकाश आरशातलं! त्या मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट उणे एक आला तर आधी हेच तपासा.

आणि लेन्सच्या अक्षाभोवतीचा रोल, म्हणजे कॅमेऱ्याची गिरकी, बाकी दोन कोनांपेक्षा ढिला, म्हणजे कमी अचूक आला तर घाबरू नका, तो सगळ्यांचाच येतो, यानावर म्हणूनच बऱ्याचदा दोन ट्रॅकर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवतात.